आळीपाळीचा समुद्र

गिरिजाबाई बिराजदार आणि त्यांचे यजमान चनमल्लप्पा एकाच वेळी घराबाहेर पडलेत, असं जुळे सोलापूर भागातल्या त्यांच्या अपार्टमेंटमध्ये कित्येक वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. सकाळी चनमल्लप्पा सायकल काढून होटगी तलावाच्या बाजूला चक्कर मारून येत. ते परत आले की गिरिजाबाई पिशवीत टॉवेल टाकून पोहण्याच्या तलावाकडे निघत. जिन्यात गाठ पडे. "अव्वाचा चहा झालाय," नाहीतर "अव्वा अजून झोपलीय," एवढंच बोलणं. मग एक जण वर जाई, एक खाली.

अव्वा म्हणजे चनमल्लप्पांची आई. वय नव्वदीला टेकलेलं. न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून पलंग ते खिडकी एवढंच तिचं जग राहिलं. वॉकर धरून ती तेवढं अंतर चालायची. डोकं मात्र लख्ख. तिला सांभाळायला बायका ठेवून पाहिल्या, एकही टिकली नाही. एकीचे हात गार होते, दुसरी सारखी फोनवर बोलायची, आणि तिसरीनं "आजी" म्हटलं म्हणून "मी तुजी आजी न्हाय" असं सुनावून अव्वानं तिला पहिल्याच दिवशी घालवली. त्यानंतर अंघोळ, वेणी, औषध, रात्रीचं उठणं-बसणं, सगळं गिरिजाबाईंच्या अंगावर आलं.

त्या काही कुरकुरणाऱ्या बाई नव्हत्या. मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका म्हणून त्यांची नोकरी झाली होती. साठी उलटून गेली तरी मैदानावरची चाल गेलेली नव्हती. चनमल्लप्पा अडुसष्टचे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ते डाइंग मास्तर होते आणि निवृत्त होईपर्यंत कारखान्यात सायकलनंच गेले. दोघांच्याही अंगात दम होता, हौस होती. एकुलती एक मुलगी मेलबर्नला, तिच्या संसारात. फक्त दोघांनी मिळून काही करायचं म्हटलं की गाडी अव्वाच्या पलंगापाशी येऊन थांबायची.

एक गोष्ट गिरिजाबाईंच्या मनात फार वर्षांपासून होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखी ती त्यांना वाटतच नव्हती. त्यांनी आपल्या नवऱ्याला पोहताना कधी पाहिलं नव्हतं. लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा ऐकलं, हा मुलगा गावच्या विहिरीत वरून उडी मारायचा, पाण्याखालून आरपार जायचा. पुढे शहरात पोहण्याचा तलाव आला, पण तिथं बायकांची वेळ वेगळी, पुरुषांची वेगळी. त्यांची पोहण्याची ओली चड्डी दोरीवर वाळत घालणं, इतकंच काय ते गिरिजाबाईंच्या वाट्याला आलं होतं.

अंदमानचं खूळ मात्र चनमल्लप्पांच्या डोक्यातून निघालं. आयुष्यभर त्यांनी परदेशी गिऱ्हाइकांसाठी समुद्राच्या निळ्या रंगाचे टॉवेल रंगवले होते. नमुना यायचा, ते रंग कालवायचे, गिऱ्हाईक खूश व्हायचं. पण खरा समुद्र तसा असतो का, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. मुंबईचा पाहिला होता, तो मातकट होता.

"पाच दिवस फक्त," ते एका दुपारी म्हणाले. "अव्वाचं सिद्धप्पा बघेल. पाच दिवस त्याला जड नाही."

सिद्धप्पा त्यांचा धाकटा भाऊ, मोडनिंबला खतांचं दुकान चालवायचा. विचारल्यावर तो लगेच हो म्हणाला. बायकोला घेऊनच येतो, म्हणाला.

मग बेत सुरू झाला, आणि तोही आळीपाळीनंच. सात रस्त्याजवळ हृषीकेश नावाच्या एका तरुण माणसाचं सहलींचं ऑफिस होतं. सोमवारी चनमल्लप्पा तिथं जाऊन आले, मंगळवारी गिरिजाबाई गेल्या. हृषीकेशनं दोघांपुढेही तेच रंगीत कागद ठेवले: ज्येष्ठांसाठी खास सहल. जागोजागी विश्रांती, दुपारी सक्तीची झोप आणि काचेच्या तळाच्या बोटीतून मासे पाहणं.

"काकू, पायसुद्धा भिजत नाहीत," तो कौतुकानं म्हणाला.

"अरे, मग एवढ्या लांब जाऊन पाय कोरडे कशाला ठेवायचे?" गिरिजाबाई म्हणाल्या.

हृषीकेश हसायला लागला. "काल एक काका आले होते, ते अगदी हेच म्हणाले."

"ते आमचेच."

"मग एकत्र का नाही आलात?"

याला उत्तर द्यायचं तर अव्वापासून सुरुवात करावी लागली असती. गिरिजाबाईंनी नकाशावर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथं पाण्यात कुणाला न विचारता उतरता येतं का?"

शेवटी ठरलं ते असं: रेल्वेनं हैदराबाद, तिथून विमानानं पोर्ट ब्लेअर, मग जहाजानं हॅवलॉक बेट. समुद्राला लागून एक लाकडी खोली. एक दिवस जंगलातल्या वाटेनं चालत पलीकडच्या किनाऱ्यावर जायचं. तिथं नळी लावून, पाण्यात तोंड घालून तरंगत प्रवाळ बघायचं. एक दिवस दोघांनी वल्हवायची छोटी होडी. डॉक्टरांकडेही दोघं वेगवेगळ्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणाले, तुमची नाडी माझ्यापेक्षा बरी आहे.

अव्वाला खरं सांगायला चनमल्लप्पा तयार नव्हते. "हुबळीला लग्न आहे म्हणून सांगू," ते म्हणाले. आणि तसं सांगितलंही.

"कुनाचं?" अव्वानं विचारलं.

चनमल्लप्पांनी एवढा पुढचा विचार केला नव्हता. ते बायकोकडे बघायला लागले. "तिथल्या गुरुसिद्धप्पाच्या मुलीचं," गिरिजाबाईंनी सावरून घेतलं.

ते दोन-तीन आठवडे गिरिजाबाईंना पुढे कितीदा तरी आठवले. फेब्रुवारीतच ऊन चढायला लागलं होतं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. पिंप, बादल्या, पातेली भरून ठेवायची आणि त्या धावपळीत मध्येच थांबून कपाट उघडायचं. आत साड्यांच्या मागं पाण्याखाली बघायचे दोन चष्मे लपवलेले होते. एकदा चनमल्लप्पांनी त्यातला एक डोळ्यांवर चढवला आणि आरशासमोर उभे राहिले. पांढऱ्या मिशीवर तो चष्मा असा काही दिसला, की गिरिजाबाईंना पलंगावर बसून हसावं लागलं. किती दिवसांनी त्या असं हसल्या होत्या. आतून अव्वानं हाक मारली, "काय झालं गं?"

"काही नाही अव्वा," दोघं एकदम म्हणाली.

निघायला चार दिवस राहिले असताना सिद्धप्पाचा फोन आला. चनमल्लप्पा गॅलरीत जाऊन बोलले. आत आले तेव्हा फोन हातातच होता.

"सिद्धप्पाची बायको स्कूटरवरून पडली. हाताला प्लास्टर घातलंय. जमंना म्हणतोय."

गिरिजाबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी हातातली घडी पुरी केली.

"राहू दे," चनमल्लप्पा म्हणाले. "पुढं बघू."

"पुढं म्हणजे कधी?"

"होईल की मोकळीक कधीतरी."

"मोकळीक म्हणजे काय हो?" गिरिजाबाईंचा आवाज त्यांच्याही नकळत चढला. "अव्वा गेल्यावर, असंच ना? बोला की. दोघांच्याही मनात तेच आहे, तर एकदा बोलून टाका!"

शब्द बाहेर पडले आणि आतल्या खोलीतला वॉकरचा टक-टक आवाज थांबला.

संध्याकाळी गिरिजाबाई चहा घेऊन आत गेल्या तेव्हा अव्वा खिडकीतून खालची पोरं बघत होती. चहा घेतला, कप परत दिला. रात्री भाकरी-दूध खाल्लं. राग मात्र दाखवला नाही. रागावली असती तर गिरिजाबाईंना बरं वाटलं असतं. एवढी वर्षं केलेली सेवा एका वाक्यात आपण मातीत घातली, असं त्यांना राहून राहून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात त्या अव्वाच्या पाठीवर पाणी घालत होत्या.

"हुबळीला कुनाचं लगीन न्हाय, व्हय ना?" अव्वानं पाठमोरी राहूनच विचारलं. तिची भाषा कानडी. नातेपुत्याहून आलेल्या या सुनेशी मात्र ती आपल्या तऱ्हेचं मराठी बोलायची.

"नाही."

"मग कुटं निघालता?"

"समुद्र बघायला. एका बेटावर."

"बेट म्हंजे?"

"चारी बाजूंनी पाणी असतं. मध्ये जमीन."

अव्वाची पाठ हलली. ती हसत होती. "हितं चार-चार दिस नळाला पानी न्हाय, आन् तितं चारी बाजूनं!" मग रेल्वेची वेळ सांगावी तशा साध्या आवाजात ती म्हणाली, "मी कवा जाईन ते मलाच म्हाईत न्हाय बग. म्हाईत असतं तर सांगितलं असतं की. तुमी तसं तिकीट काडलं असतं."

गिरिजाबाईंच्या हातातला तांब्या बादलीत पडला. "अव्वा, माझ्या तोंडून काल..."

"पानी गार व्हायलंय. घाल."

त्यांनी पाणी घातलं. डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

अंग पुसून झाल्यावर अव्वा म्हणाली, "तू जा. चनू ऱ्हाईल."

"ते राहतील हो. पण तुमची अंघोळ?"

"चनू घालंल."

"अव्वा!"

"का? त्याला मी धुतलंय की. त्यानं मला धुतलं तर काय बिघडलं? लाज वाटायची तर मला वाटंल. मला न्हाय वाटत."

चनमल्लप्पांना हे सांगितलं तेव्हा ते कानापर्यंत लाल झाले. "मी? अव्वाला?" एवढंच ते दोनदा म्हणाले. मग आतून हाक आली. ते गेले आणि दार लोटलं गेलं. आत दोघं भरभर कानडीत बोलत होती. गिरिजाबाईंना कानडी समजायची, पण दारापलीकडची इतकी झपाट्याची नाही. एकदा अव्वाचा चढलेला आवाज आला. चनमल्लप्पा बाहेर आले ते डोळे पंच्यानं पुसत. त्यांनी हृषीकेशला फोन लावला आणि सांगितलं, एक तिकीट तसंच ठेव, दुसरं पुढं ढकल.

"मी एकटी काय करू तिथं?" गिरिजाबाई म्हणाल्या.

"पोहून ये. बघून ये. आणि मला सांग."

मला नुसता समुद्र नको होता, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण अव्वाच्या बोलण्यानंतर आणखी काही मागायची त्यांना हिंमत झाली नाही.

निघताना चनमल्लप्पांना स्टेशनवरही येता आलं नाही. घरी कुणीतरी हवं होतं. रिक्षा वळली तेव्हा गिरिजाबाईंनी मागं पाहिलं. गॅलरीत ते उभे होते आणि त्यांच्या शेजारी वॉकर धरून अव्वाही उभी होती. पलंग ते खिडकी सोडून ती तिथवर आली होती.

बेटावर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गिरिजाबाई पाण्यापाशी गेल्या. लाट म्हणावी अशी लाट नव्हती. पाणी वाळूवर हळूच येत होतं, मागं सरत होतं. त्या गुडघाभर पाण्यात गेल्या, कमरेएवढ्या गेल्या, तरी पायाची बोटं स्वच्छ दिसत होती. तलावातल्या पाण्याला औषधाचा वास यायचा. इथं ओठांवर खारटपणा होता आणि पाणी त्यांना आपणहून उचलत होतं. त्या पाठीवर आडव्या झाल्या. वर आभाळ होतं. पाच मिनिटं त्यांना कुणीही हाक मारली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी हाक मारली नाही, आणि त्यांचे कान मात्र हाकेचीच वाट बघत होते.

सगळीकडे जोड्या होत्या. नवी लग्नं झालेली पोरं होती, त्यांच्या वयाचे नवरा-बायकोही होते. जंगलाच्या वाटेनं त्या सगळ्यांच्या पुढे चालल्या. मुळांवरून, चिखलातून, एकदाही न थांबता. पलीकडच्या किनाऱ्यावर चष्मा लावून पाण्यात तोंड घातलं. खाली पिवळे-जांभळे मासे प्रवाळ कुरतडत होते आणि कुरतडण्याचा तो आवाज चक्क ऐकू येत होता. त्यांनी झटकन डोकं वर काढलं, "अहो, हे बघा..." म्हणून. बाजूला वाटाड्या तरंगत होता. त्यानं अंगठा वर केला.

होडी दोघांची होती. होडीवाल्यानं हिंदीत विचारलं, दुसरं कोण? "घरी आहेत," त्या म्हणाल्या. मग तो स्वतःच मागं बसला. खारफुटीच्या अरुंद पाण्यातून होडी चालली. गिरिजाबाई पुढं वल्हं मारत होत्या, मागून दुसऱ्या वल्ह्याचा छप-छप आवाज येत होता. त्यांनी मान मागं वळवली नाही. परत येईपर्यंत एकदाही वळवली नाही. तेवढा वेळ तो आवाज कुणाचाही असू शकत होता.

फोनला कधी रेंज असायची, कधी नसायची. लागला की चनमल्लप्पा अव्वाचं सांगायचे. पहिल्या दिवशी पाणी फार कढत झालं, अव्वानं शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी साबण डोळ्यांत गेला. तिसऱ्या दिवशी, "जमलं गं," एवढंच म्हणाले. मग विचारलं, "रंग कसा आहे?"

"निळा. म्हणजे हिरवापण."

"नेमका कुठला?"

"दोन्ही आहे. सारखा बदलतोय."

"दोन्ही कसा असेल?" डाइंग मास्तरांचा आवाज अस्वस्थ झाला. "नीट बघून ठेव."

गिरिजाबाई परत आल्या तेव्हा अव्वाची वेणी वाकडी घातलेली होती. चनमल्लप्पा तिला उठवताना डाव्या बाजूनं हात घालत होते, कारण उजवीकडे दुखतं हे आता त्यांना कळलं होतं. दोघं कानडीत एकमेकांना काहीतरी चिडवत होती. दाराशी बॅग घेऊन उभ्या असलेल्या गिरिजाबाईंना क्षणभर वाटलं, आपण या घरातून फार दिवस बाहेर होतो. मनात बारीकसं काहीतरी दुखलंही. मग अव्वानं त्यांच्याकडे पाहून म्हटलं, "काळी पडलीस की गं," आणि त्या आत गेल्या.

त्यानंतर अंघोळीचं काम दोघांत वाटलं गेलं. पाऊस संपला, आणि नोव्हेंबरात चनमल्लप्पा त्याच बेटावर गेले. हृषीकेशला सांगून त्यांनी तीच खोली मागून घेतली. गिरिजाबाई गॅलरीत उभ्या राहिल्या, रिक्षा वळली.

ते आले ते सांगण्यानं भरून आले. आपण जन्मभर रंगवत होतो तो निळा साफ चुकीचा होता, हे त्यांनी आल्या आल्या कबूल केलं. मग त्यांच्या संध्याकाळी त्या सांगण्यातच जायला लागल्या. अव्वा खुर्चीत, गिरिजाबाई भाजी निवडत, आणि चनमल्लप्पा पंख्याखाली.

"खोलीसमोर ते आडवं झालेलं झाड होतं, बघितलंत?"

"त्याच्यावर बसून चहा प्यायचो की."

"मीपण. कुठल्या बाजूला बसलात?"

चनमल्लप्पांनी विचार केला. "उजवीकडं. खोडाकडं."

"मी डावीकडं," गिरिजाबाई म्हणाल्या.

"मग झालं की."

पहाटे पाणी गार लागलं का, वाटेत तो ओढा लागला का, कुरतडण्याचा आवाज आला का, असं एकेक दोघं जुळवून बघत. एकाचं राहिलेलं दुसरा पुरं करी. पुढं पुढं बोलताना कोण कधी गेलं होतं ते मागं पडत गेलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं तेव्हा गिरिजाबाई सहज म्हणाल्या, "आम्ही जाऊन आलो ना अंदमानला." चनमल्लप्पांनी ते दुरुस्त केलं नाही.

जानेवारीत हृषीकेशचा फोन आला. अव्वा आत दुपारची झोपली होती, चनमल्लप्पा दळण आणायला गेले होते.

"काकू, यंदा कुठं काढू? लक्षद्वीपची चांगली सहल आलीय. दोघांची करू ना या वेळी?"

गिरिजाबाईंनी आतल्या दाराकडे पाहिलं. अव्वाचा श्वास संथ चालला होता. तो तसाच चालू दे असं त्यांना मनापासून वाटलं, आणि त्याच वेळी दोन तिकिटं शेजारी शेजारी ठेवलेली त्यांच्या डोळ्यांसमोर आली. या दोन इच्छा त्यांच्या मनात आता भांडत नव्हत्या, पण एकीमुळं दुसरी कमीही होत नव्हती.

"लक्षद्वीपचं बघ," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "आधी मी जाते की हे जातात, ते विचारून कळवते."